पुढे धावणाऱ्याने किती सावकाश धावावे? वाचकांचे प्रश्न

धावण्याच्या सरावामुळे आपल्या कामात आणि हाताखालच्या माणसांशी वागण्यात काही फरक पडला का, असे गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांत अनुभवांपेक्षा प्रश्नच अधिक निघाले. ते बहुतेक अशा वाचकांचे आहेत ज्यांच्यावर कोणत्या ना कोणत्या गटाची जबाबदारी आहे. कोणाकडे बँकेची शाखा आहे, कोणाकडे कारखान्यातील शिफ्ट, तर कोणाकडे शाळेचा वर्ग. त्यांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत. चाळिशीनंतर नव्याने धावू लागणाऱ्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी, यातील कोणताही सल्ला अमलात आणण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मी नागपुरात धरमपेठेत एका बँकेचा शाखा व्यवस्थापक आहे. वय ४४. दोन वर्षांपासून पहाटे अंबाझरी परिसरात रोज सात-आठ किलोमीटर धावतो. एकही दिवस अंगचोरी करत नाही, तरीही दहा किलोमीटरची माझी वेळ ६२ मिनिटांच्या खाली येत नाही. शाखेतही हेच चित्र आहे. सगळे दिवसभर राबतात, मी सतत सर्वांच्या मागे लागलेला असतो, पण तिमाहीचे आकडे जागचे हलत नाहीत. आणखी जोर लावायचा तर कोठे लावावा?

उत्तर : आठवड्यातील बहुतेक दिवस जोर कमी लावावा. दहा किलोमीटरला ६२ मिनिटे म्हणजे दर किलोमीटरला साधारण सव्वासहा मिनिटे. आपल्या पत्रातील वर्णनावरून असे दिसते की आपण रोजचे सात-आठ किलोमीटरही जवळजवळ याच वेगाने, फार तर दहा-पंधरा सेकंद सावकाश धावता. हा वेग फसवा आहे. त्यात दम लागतो, घाम निघतो आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळते. परंतु शरीराला नवी क्षमता कमावण्याइतका तो तीव्र नसतो आणि थकवा भरून काढण्याइतका सौम्यही नसतो. परिणामी, ज्या दिवशी खरोखर जोर लावायला हवा त्या दिवशी पाय आधीच दमलेले असतात.

नॉर्वेत काम करणारे व्यायामशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अनेक देशांतील अव्वल धावपटू, सायकलपटू, नौकानयनपटू आणि स्कीपटू यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना असे आढळले की या खेळाडूंची साधारण ८० टक्के सत्रे अगदी हलक्या वेगाची असतात आणि उरलेल्या सुमारे २० टक्के सत्रांतच ते कस लावतात. हलक्या धावण्याने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे वाढते, पेशींची ऑक्सिजन वापरण्याची शक्ती वाढते, आणि स्नायूंपेक्षा फार सावकाश बळकट होणाऱ्या अस्थिबंधांना व कंडरांना सवड मिळते. ही वाढ धावताना होत नाही, ती धावून झाल्यावर विश्रांतीत होते. म्हणून विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच भाग समजावा.

आपल्यासाठी हलका वेग म्हणजे किलोमीटरला सव्वासात ते साडेसात मिनिटे. घड्याळ नसले तरी एक कसोटी पुरते. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत, मध्येच श्वास न तुटता बोलता आले पाहिजे. आठवड्यात पाच दिवस धावावे. तीन दिवस या हलक्या वेगाने, एक दिवस बारा-चौदा किलोमीटरची लांब आणि तितकीच हलकी धाव, आणि फक्त एक दिवस कस लावावा. त्या दिवशी थोडे अंग मोकळे करून ८०० मीटरच्या पाच-सहा फेऱ्या किलोमीटरला पावणेसहाच्या वेगाने घ्याव्यात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये अडीच-तीन मिनिटे चालावे. आठ-दहा आठवडे हे केल्यावरच वेळ पुन्हा मोजावी. यात कठीण भाग पायांचा नाही. अंबाझरीच्या रस्त्यावर रोजचे ओळखीचे चेहरे आपल्याला मागे टाकून पुढे जातील आणि ‘काय साहेब, तब्येत बरी नाही का?’ असे विचारतील, ते हसून ऐकून घेणे खरे कठीण आहे. मात्र दुसऱ्याच्या वेगाने विचलित न होणे ज्याला जमले, त्याच्या पुढील प्रगतीविषयी मला फारशी चिंता वाटत नाही.

शाखेविषयी. धावण्याचे शास्त्र जसेच्या तसे कार्यालयाला लागू पडते असे मी म्हणणार नाही, परंतु आपल्या पत्रातील एक वाक्य दोन्हीकडे सारखेच बसते, ते म्हणजे ‘मी सतत सर्वांच्या मागे लागलेला असतो’. प्रत्येक काम ‘आजच, आत्ताच’ असेल तर कर्मचारी निकडीचे आणि नित्याचे यांतला फरक करणे सोडून देतात, सगळेच मध्यम घाईने उरकू लागतात, आणि मार्चअखेर जेव्हा खरोखर जास्तीची ताकद हवी असते तेव्हा ती कोणाकडेच शिल्लक नसते. तिमाहीअखेर अचानक येत नाही, ती वर्षातून चार वेळा ठरलेल्या तारखेला येते. महिन्यातील कोणते पाच-सहा दिवस पूर्ण ताकदीचे असतील हे आधीच सर्वांना सांगावे, त्या दिवसांत आपण स्वतः काउंटरवर उतरावे, आणि उरलेल्या दिवसांत माणसांना वेळेवर घरी जाऊ द्यावे. नव्या कर्मचाऱ्याला शिकवणे, जुन्या खातेदाराशी निवांत बोलणे, थकीत कर्जाच्या फायली बारकाईने पाहणे ही कामे दिसायला सावकाश असतात, पण आकडे त्यांनीच हलतात.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर आहे. गेल्या वर्षी मी सहकाऱ्यांचा धावण्याचा गट सुरू केला. सुरुवातीला वीसेक जण होते. रविवारी फुटाळा तलावावर जमून आम्ही सेमिनरी हिल्सचा चढ घेतो आणि परत येतो. पुढाऱ्याने पुढे राहून दाखवले पाहिजे असे मानून मी सर्वांत पुढे धावतो. सर्वांच्या वेळा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो, म्हणजे चुरस राहते. शेवटचे लोक परत येईपर्यंत आमचे तर्री-पोहे खाऊन झालेले असतात. आता आठ-नऊ जणच उरले आहेत, आणि जे गेले ते सगळे मागे राहणारे होते. मी प्रोत्साहन देण्यात कमी पडतो आहे का?

उत्तर : प्रोत्साहन भरपूर आहे; आपण उभे चुकीच्या जागी आहात. मागे राहणाऱ्या माणसाला आपल्या गटात दर रविवारी काय मिळते ते त्याच्या बाजूने पाहावे. पहिल्या किलोमीटरनंतर त्याला कोणी दिसत नाही, चढावर तो एकटाच धापा टाकतो, परत आल्यावर रिकाम्या प्लेट दिसतात, आणि दुपारी मोबाइलवर आपले नाव यादीच्या तळाशी वाचायला मिळते. इतके सोसून तो तीन महिने येत राहिला, ही त्याचीच जिद्द म्हणावी लागेल.

मोठ्या शर्यतींत ‘पेसर’, म्हणजे इतरांना ठरलेल्या वेगाने सोबत नेणारी व्यक्ती असते. तिच्या पाठीवर वेळेचा झेंडा असतो. समजा अर्धमॅरेथॉनसाठी २ तास १५ मिनिटांचा झेंडा असेल, तर त्या कामासाठी आयोजक असा धावपटू निवडतात जो स्वतः त्याहून बराच लवकर पोहोचू शकतो, कारण त्याला धावता धावता बोलायचे असते, पाण्याचे टेबल कोठे आहे ते सांगायचे असते, कोणाची पावले जड पडू लागली ते पाहायचे असते. हा पेसर दोन तास पाच मिनिटांत पोहोचला तर त्याचे कोणी कौतुक करत नाही, कारण त्याच्या भरवशावर निघालेली माणसे मागे रस्त्यावर विखुरलेली असतात. स्वतःच्या क्षमतेपेक्षा सावकाश धावणे आणि तरीही काटेकोर धावणे, हे त्याचे कौशल्य असते. गटाच्या प्रमुखाकडून मला नेमके हेच अपेक्षित आहे.

जगातील सर्वांत गाजलेल्या धावांपैकी एक अशाच माणसांच्या जोरावर झाली. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नामध्ये केनियाच्या एलियुड किपचोगे याने ४२.१९५ किलोमीटरचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केले. त्याच्यासाठी ४१ पेसर आळीपाळीने धावले. काही पुढे राहून वारा अडवत होते, काही त्याच्या मागे होते. पेसर असे मध्येच बदलल्यामुळे ही वेळ अधिकृत विक्रम म्हणून नोंदली गेली नाही. त्या ४१ जणांत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारा मॅथ्यू सेंट्रोविट्झ होता, अनेक जागतिक पदके मिळवलेला बर्नार्ड लगाट होता. स्वतःच्या नावावर एवढी कमाई असलेली माणसे त्या दिवशी दुसऱ्याच्या वेळेसाठी धावली, आणि शेवटच्या टप्प्यात त्यांनी मागे सरून त्याला एकट्याला पुढे जाऊ दिले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यांवर जो आनंद दिसत होता, तो स्वतःच्या पदकाच्या आनंदाहून कमी नव्हता.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. रविवारची धाव अंतरावर न ठेवता वेळेवर ठेवावी. सर्वांनी आपापल्या वेगाने पंचवीस मिनिटे पुढे जावे आणि शिटी वाजताच, जो जेथे असेल तेथून, त्याने मागे फिरावे. जो सर्वांत मागे होता तो आता सर्वांत पुढे असतो, वेगवान मंडळी त्याच्या मागून येतात, आणि प्रत्येकाने आपला वेग राखला तर सगळे जवळजवळ एकाच वेळी फुटाळ्यावर पोहोचतात. व्यवस्थेतला हा लहानसा बदल भाषणापेक्षा जास्त काम करतो. दुसरे असे की सर्वांत शेवटच्या माणसाबरोबर धावण्याची पाळी लावावी आणि पहिले दोन महिने ती पाळी आपण स्वतः घ्यावी. चढावर त्याच्या शेजारी राहून पावले लहान ठेवायला, नजर पायांपासून चार-पाच मीटर पुढे ठेवायला आणि गरज पडली तर निःसंकोच चालायला सांगावे. व्हॉट्सॲपवरील वेळांची यादी आजच बंद करावी. ज्याची वेळ सुधारली त्याला एकट्याला सांगावे. आणि शेवटचा माणूस आल्याशिवाय पोह्यांची ऑर्डर देऊ नये.

वेगवान सहकाऱ्यांची यामुळे कुचंबणा होईल का, ही शंका रास्त आहे. त्यांच्यासाठी आठवड्यात मधला एक दिवस वेगळा ठेवावा, त्या दिवशी चढ पूर्ण ताकदीने घ्यावा आणि तेव्हा आपण जरूर पुढे राहावे. गुणवत्तेला वाव हवाच. फक्त रविवार तिच्यासाठी नाही हे सर्वांना ठाऊक असावे. जे सोडून गेले त्यांना ‘येत का नाही?’ असे विचारू नये, त्याने माणूस ओशाळतो. त्यांच्यापैकी दोघांना नव्या पद्धतीच्या पहिल्या रविवारी शिटी आणि घड्याळ सांभाळायला बोलवावे. आपण सुपरवायझर आहात, तेव्हा लाइनचे उत्पादन सर्वांत मंद स्टेशन ठरवते हे मी आपल्याला सांगायला नको. त्या स्टेशनवरच्या माणसापाशी आपण दिवसातून किती वेळ उभे राहता, आणि ओरडण्यासाठी राहता की त्याचा जिग, म्हणजे काम करताना भाग पकडून ठेवणारा साचा, नीट बसतो का ते पाहण्यासाठी, एवढे या आठवड्यात तपासून पाहावे.

प्रश्न : मी कामठी तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. मला स्वतःला जेमतेम पाच किलोमीटर धावता येते आणि घर सांभाळून आठवड्यातून तीनच दिवस मिळतात. आठवी-नववीच्या सात-आठ मुली माझ्याबरोबर धावू लागल्या आहेत आणि त्यांतल्या दोघी मला सहज मागे टाकतात. ज्याला स्वतःला फारसे येत नाही, त्याने दुसऱ्याला घडवण्याच्या भानगडीत पडावे का?

उत्तर : अवश्य पडावे, आणि त्या दोघी आपल्याला मागे टाकतात याचा अभिमान बाळगावा. मुलींच्या बाबतीत पहिली अडचण तंत्राची नसतेच. मैदानावर त्यांच्यासोबत एक विश्वासाची बाई असणे, पालकांनी तिच्या भरवशावर मुलीला पहाटे घराबाहेर सोडणे, ही पहिली पायरी असते आणि ती आपण ओलांडली आहे. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्याच्या मोही गावातून आलेली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरील अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. खेड्यातल्या मुलीच्या पायांत काय असू शकते हे कोणीतरी पाहावे लागते, आणि बहुतेक वेळा ते पहिल्यांदा पाहणारी व्यक्ती स्वतः मोठी खेळाडू नसते.

मात्र काही गोष्टींची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल. उपाशीपोटी धावायला लावू नये. निघण्यापूर्वी एखादे केळे किंवा गूळ-शेंगदाणे आणि परतल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी एवढे तरी असावे. या वयातील मुलींत रक्तक्षय फार आढळतो. चांगली धावणारी मुलगी अचानक मंदावली, जिना चढताना धापा टाकू लागली, तर ती आळशी झाली असे समजण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. वजन कमी केले की वेग वाढतो असे मुलींच्या कानावर कोठून तरी पडतेच. ते स्पष्ट शब्दांत खोडून काढावे. पाळी नियमित सुरू झालेल्या मुलीची पाळी सराव वाढल्यावर सलग तीन महिने आली नाही, तर शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हे विषय बोलायला आपल्याइतकी योग्य व्यक्ती त्या मुलींना दुसरी मिळणार नाही.

त्या दोघींना जिल्हास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धांत उतरवावे. त्यांची चुणूक दिसली तर मानकापूर येथील विभागीय क्रीडा संकुलात प्रशिक्षित मार्गदर्शकाकडे त्यांना घेऊन जावे. तेथे त्यांना सोपवताना हातचे राखू नये. उरलेल्या पाच-सहा जणींना तितक्याच आस्थेने धाववत राहणे हे पुढचे काम आहे, आणि ते दुसरे कोणी करणार नाही.

प्रश्न : एप्रिल-मेमध्येही मी माझा सराव सोडत नाही. गेल्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर असतानाही रविवारी दोन तास धावलो. आमच्या गटातील काही जण ऐन उन्हाळ्यात दांड्या मारतात. शिस्त म्हटली की हवामान पाहायचे नसते, हे त्यांना कसे पटवावे?

उत्तर : हे त्यांना पटवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. धावताना स्नायूंत तयार होणाऱ्या ऊर्जेपैकी बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ती उष्णता त्वचेकडे वाहून न्यायला रक्त लागते आणि पायांनाही तेच रक्त लागते. बाहेरची हवा शरीरापेक्षा तापलेली असली की घामाच्या बाष्पीभवनाखेरीज उष्णता बाहेर टाकण्याचा मार्गच उरत नाही. शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात असतो आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो. अशा वेळी १०८ ला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. त्याला सावलीत आणून अंगभर थंड पाणी ओतावे, माने-काखा-जांघांत बर्फ ठेवावा, जोराचा वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

उन्हाची सवय होते, हे खरे आहे. रोज थोडा थोडा वेळ वाढवत गेल्यास दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून क्षार कमी जातात. पण ही सवय पहाटेच्या हवेपुरती कामाची आहे, नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, सकाळी नऊ वाजताच्या उन्हासाठी नाही. मे महिन्यात साडेसहाच्या आत घरी परतावे, धाव चाळीस-पन्नास मिनिटांवर आणावी, वेग घड्याळावर नव्हे तर श्वासावर ठरवावा, आणि रात्रीही हवा तापलेलीच राहिली असेल त्या दिवशी गटाची धाव रद्द करावी. रद्द करण्याचा निर्णय प्रमुखानेच, आदल्या रात्रीच, सर्वांना स्पष्ट कळवावा. ‘ज्याला जमेल त्याने यावे’ असे लिहिले की भिडस्त माणूस आजारी असूनही येतो. आपण ज्यांना दांडीबहाद्दर समजता, त्यांनी कदाचित आपल्या शरीराचे ऐकले असेल. त्यांना तसे सांगावे.

प्रश्न : माझ्या मित्राने एका शर्यतीची नोंदणी केली होती, पण त्याला बाहेरगावी जावे लागत आहे. त्याचा बिब (छातीवर लावायचा क्रमांक) लावून मी धावलो तर कोणाचे काय नुकसान आहे? पैसे तर वाया जाणार नाहीत.

उत्तर : बिबच्या क्रमांकाशी रक्तगट, आजार आणि घरच्यांचा फोन नंबर जोडलेला असतो. आपण रस्त्यात कोसळलात तर वैद्यकीय पथक आपल्यावर मित्राच्या माहितीनुसार उपचार करील आणि फोन त्याच्या घरी जाईल. शिवाय निकालात त्याच्या नावावर आपली वेळ लागेल. आपण त्याच्याहून वेगवान असाल तर त्याच्या वयोगटातील कोणाचे तरी पारितोषिक हुकेल. डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधील बुर्लादा येथे एका क्रॉस-कंट्री शर्यतीत, लंडन ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता केनियाचा आबेल मुताई शर्यत संपली असे समजून अंतिम रेषेच्या अलीकडेच थांबला. मागून येणाऱ्या इव्हान फर्नांडेझ अनायाला सहज पुढे जाता आले असते. त्याने मुताईला खुणेने रेषेकडे जायला सांगितले आणि स्वतः त्याच्या मागून दुसरा आला. खरा विजेता मुताईच होता, असे त्याने नंतर सांगितले. त्या दिवशी अनायाने नियम मोडला असता असेही नाही. येथे तर नियमच स्पष्ट आहे. आयोजकांकडे नाव बदलून देण्याची सोय आहे का ते विचारावे. नसेल तर त्या सकाळी पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून उभे राहावे.

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. १६०० मीटरला पूर्ण गुण मिळवण्यासाठी ५ मिनिटे १० सेकंद लागतात. मागच्या भरतीत मला ५ मिनिटे २५ सेकंद लागली. सरावाच्या वेळी मित्राने मोजलेल्या माझ्या चार फेऱ्या ७०, ८०, ८८ आणि ८७ सेकंदांच्या आहेत. माझ्याबरोबरचे दोघे निवडले गेले. गावातली लहान मुले माझे पाहून धावायला येतात; त्यांच्यासमोर जायची आता लाज वाटते.

उत्तर : आपल्या आकड्यांतच उत्तर आहे. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांच्या. आपण पहिली फेरी सत्तर सेकंदांत काढता, म्हणजे साडेसात सेकंद वाचवता, आणि पुढच्या तीन फेऱ्यांत मिळून साडेबावीस सेकंद घालवता. पहिल्या फेरीत रक्तात आम्लता इतक्या लवकर वाढते की पुढे मनाचा कितीही निर्धार केला तरी पाय उचलत नाहीत. त्यामुळे याला जिद्दीची कमतरता समजू नका. पहिल्या तीन फेऱ्या प्रत्येकी ७८ सेकंदांत आणि शेवटची ७६ सेकंदांत, हा आराखडा ठेवा. पहिल्या फेरीत सगळे पुढे निघून जातील आणि आपण मागे पडलो असे वाटेल; ते वाटू द्या. तिसऱ्या फेरीत लक्ष सर्वांत जास्त ठेवा, कारण तेथेच प्रत्येकाचा वेग नकळत घसरतो.

६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर या वैद्यकीय विद्यार्थ्याने एक मैल, म्हणजे आपल्या १६०० मीटरपेक्षा जेमतेम नऊ मीटर जास्त अंतर, प्रथमच चार मिनिटांच्या आत, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पूर्ण केले. त्याच्या फेऱ्या ५७.५, ६०.७, ६२.३ आणि ५८.९ सेकंदांच्या होत्या. तिसरी त्याचीही घसरली होती. सुरुवातीला अंगात आलेल्या जोशात त्याने पुढे धावणाऱ्या ख्रिस ब्रॅशरला ‘अजून जोरात’ असे ओरडून सांगितले होते. ब्रॅशरने ते ऐकले नाही, ठरलेला वेग तसाच ठेवला, आणि म्हणून शेवटच्या फेरीसाठी बॅनिस्टरच्या पायांत काही उरले. आपल्याला असा एक मित्र हवा आहे, जो दर २०० मीटरला ३९ सेकंदांचा आकडा मोठ्याने सांगेल आणि आपण कितीही ओरडलात तरी वेग वाढवणार नाही. निवडल्या गेलेल्या त्या दोघांपैकी एकाला विचारा. तो नाही म्हणणार नाही असे मला वाटते.

याच बॅनिस्टरला १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले होते आणि धावणे सोडण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. १९५४ च्या वसंतात तो ४४० यार्डांच्या (सुमारे ४०० मीटरच्या) दहा फेऱ्या विश्रांती घेत घेत धावत असे, आणि फेरीला ६१ सेकंदांवर येऊन अडला होता. तेव्हा तो ब्रॅशरबरोबर काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गिर्यारोहणाला गेला. परतल्यावर त्याच फेऱ्या त्याने ५९ सेकंदांत काढल्या. आपणही एक आठवडा सराव बंद ठेवा आणि मग आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या आठ फेऱ्या ७७-७८ सेकंदांत, मध्ये दीड-दोन मिनिटे चालून, अशा सुरू करा. बाकीचे दिवस सावकाश धावा.

गावातल्या मुलांकडे मात्र उद्याच जा. आपली ५ मिनिटे २५ सेकंदांची धाव त्यांना मोठी कामगिरीच वाटते. आपल्या चार फेऱ्यांचे आकडे जमिनीवर काडीने लिहा, पहिली फेरी जोरात गेल्याने पुढे काय झाले ते त्यांना समजावा, आणि मग प्रत्येकाला सारख्या वेगाच्या दोनच फेऱ्या धावायला लावून त्यांच्या वेळा मोजा.